व्हिटेक २: प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणीच्या यंत्राचे परीक्षण

बायोमेर्यू कंपनीची व्हिटेक २ ही प्रणाली जिवाणूंची ओळख पटवते आणि कोणत्या प्रतिजैविकाला ते दाद देतील हेही सांगते. येथे विचार केला आहे तो केवळ दुसऱ्या कामाचा.

यंत्राचा आधार म्हणजे ६४ सूक्ष्म कप्प्यांचे एक पातळ कार्ड. त्या कप्प्यांत निरनिराळी प्रतिजैविके ठरावीक प्रमाणात सुकवलेली असतात. तंत्रज्ञाने शुद्ध वाढीतील जिवाणू सलाइनमध्ये मिसळून ०.५ ते ०.६३ मॅकफरलंड इतक्या गढूळपणाचे मिश्रण तयार करायचे असते. त्यानंतर कार्ड भरणे, ते बंद करणे, उबवणे आणि दर १५ मिनिटांनी प्रकाशाच्या साहाय्याने वाढ मोजणे ही सारी कामे यंत्र करते. कॉम्पॅक्ट या लहान आवृत्तीत मात्र मिश्रण पुढे पातळ करण्याचे काम हातानेच करावे लागते आणि घाईच्या वेळी चुकीला वाव राहतो तो नेमका येथेच.

वेगाचा गाजावाजा थोडा अधिक होतो, असे माझे मत आहे. बहुतेक जिवाणूंचे निकाल त्याच दिवशी हाती येतात हे खरे; परंतु कार्ड भरण्यासाठी आधी प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे पुंजके) वाढलेल्या असाव्या लागतात आणि सायंकाळी तयार झालेला अहवाल तपासून रुग्णाच्या डॉक्टरांना कळवणारे कोणी प्रयोगशाळेत नसेल, तर डिस्क पद्धतीच्या (जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून त्यांभोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ मोजण्याच्या) तुलनेत वाचलेले तास संगणकातच पडून राहतात.

या प्रणालीचे खरे बळ तिच्या तज्ज्ञ सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते प्रत्येक औषधाचा निकाल सुटा न पाहता सर्व एमआयसी (जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान संहती) एकत्र तपासते आणि त्यांचा मेळ ज्ञात प्रतिरोध यंत्रणांशी बसतो का, हे पाहते. उदाहरणार्थ, क्लेबसिएला न्यूमोनीवर अँपिसिलिन चालते असा निकाल आला, तर तो संशयास्पद ठरतो, कारण या जिवाणूत त्या औषधाविरुद्धचा प्रतिरोध उपजतच असतो. अशा वेळी ओळख चुकली आहे किंवा नमुन्यात दोन जिवाणू मिसळले आहेत, ही शंका घ्यायला हवी. दिवसभर अहवालांवर सह्या करून थकलेल्या माणसाच्या नजरेतून अशी विसंगती सहज निसटते.

तरीही नळीत जे घातले गेले, त्यापलीकडे यंत्राला काही दिसत नाही. डिस्क पद्धतीत प्रतिबंध वर्तुळाच्या आत उगवलेल्या मोजक्या वसाहती डोळ्यांना दिसतात आणि मिश्र वाढीची किंवा काही पेशींतच असलेल्या प्रतिरोधाची कल्पना येते. बंद कार्डात ती सोय नाही. म्हणून त्याच मिश्रणाचा थोडा भाग प्लेटवर पसरून शुद्धता पाहण्याची पायरी कधीही वगळू नये. मिश्रण फार पातळ झाले, तर प्रतिरोधक जिवाणूही संवेदनशील भासू शकतो आणि रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत घातक चूक तीच.

एमआयसीच्या आकड्याविषयीही सावध राहावे. कार्डात प्रत्येक औषधाच्या मोजक्याच संहती असतात. नियंत्रण कप्प्यातील (ज्यात औषध नसते) वाढीशी तुलना करून सॉफ्टवेअर अंतिम आकडा गणिताने काढते. नेहमीच्या निर्णयासाठी तो पुरेसा आहे, पण सीमारेषेवरचा निकाल गंभीर संसर्गात निर्णायक ठरणार असेल, तर ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या संहतींत जिवाणू वाढवून पाहण्याच्या पद्धतीने) पडताळणी करणे इष्ट. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या बाबतीत तर सीएलएसआय (अमेरिकी) आणि युकास्ट (युरोपीय) या चाचणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थांच्या संयुक्त गटाने २०१६ मध्ये हीच पद्धत संदर्भ म्हणून सुचवली आहे. तेव्हा तेवढ्या औषधासाठी यंत्रावर विसंबू नये.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या वर्षीचे निकष (कोणत्या एमआयसीला संवेदनशील वा प्रतिरोधक म्हणायचे त्या मर्यादा) आहेत आणि ते बदलल्यावर अद्ययावत व्हायला किती काळ लागतो? सीएलएसआयने २०२२ मध्ये एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी (क्लेबसिएला ज्यात मोडतो तो जिवाणूंचा गट) पिपरासिलिन-टाझोबॅक्टम या प्रतिजैविकाचे निकष बदलले. जुन्या निकषांवर चालणारे यंत्र त्याच एमआयसीचा वेगळा अर्थ छापू शकते.