आधी सायकलवाला की आधी मिठाचा बाबा?

‘वन पंच मॅन’ आणि ‘मॉब सायको १००’ या दोन्ही जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका एकाच लेखकाच्या. त्यामुळे एक बघून झालं की दुसरं आपसूक पुढ्यात येतं, आणि आधी कुठलं, हा प्रश्न आमच्या ऑफिसातही दोघांनी विचारून झालाय. त्यांचे अफाट शक्तीचे नायक साइतामा आणि मॉब, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, ते थोर आहेतच. माझा जीव अडकतो त्यांच्या शेजारच्या, अंगात काडीची शक्ती नसलेल्या माणसांत.

दोन्ही मालिका मी ठाणे-वाशी लोकलमध्ये बघितल्या. एका फेरीत एक भाग आरामात बसतो.

‘वन पंच मॅन’मधल्या मुमेन रायडरकडे सायकल, हेल्मेट आणि सरळ मन, बस. पहिल्या सीझनच्या (२०१५) नवव्या भागात तो समुद्रातल्या त्या राक्षसापुढे उभा राहतो. आपण हरणार हे त्याला ठाऊक असतं, तसं तो बोलूनही दाखवतो, आणि तरीही धावून जातो. ऐरोलीला माणसं चढत होती आणि मी चष्मा पुसत होतो. ‘मॉब’मधल्या रेइगेनकडे, म्हणजे आपल्या मिठाच्या बाबाकडे, या तोडीचं दृश्य नाही, हे आधीच कबूल करतो.

खटकलं ते पुढे. त्यानंतर मी रोज त्याची वाट बघायचो. दुसऱ्या सीझनमध्ये स्वारी परत आली, म्हटलं आता याला काहीतरी करायला मिळेल. तर काय, गारो नावाच्या खलनायकाकडून पुन्हा मार! म्हणजे साध्या माणसाला गोष्टीत काम एकच, चोप खाणं. पहिल्या वेळी डोळे पाणावले होते, या वेळी वैताग आला. घणसोलीलाच फोन खिशात टाकला, उतरायचं कोपरखैरण्याला होतं तरी.

रेइगेन मात्र सरळसरळ भोंदू. लोकलच्या डब्यात बाबांची स्टिकरं असतात ना, त्याच जातीचा. भूत उतरवायला स्वयंपाकघरातलं मीठ फेकतो आणि खऱ्या शक्तीच्या मॉबला तासाला ३०० येन टेकवतो. (आमच्या ताईला हा माणूस अजिबात आवडला नाही, आणि तिचं चूक आहे असं म्हणवत नाही.) पण त्याच्या हातात कसब आहे. खांदा जड झालाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा खांदा तो असा रगडतो की माणूस हलका होऊनच बाहेर पडतो. मॉबला रागावतो, समजावतो, आणि तो सोडून गेल्यावर एकटा पडतो. दुसऱ्या सीझनमधली त्याची पत्रकार परिषद मी दोनदा बघितली. तिथे त्याला कुणी बुकलत नाही, नुसता उघडा पडतो.

मॉबची चित्रं वेडीवाकडी आहेत, पहिले दोन भाग डोळ्यांना खुपतील कदाचित. नुसती मारामारी हवी असेल तर सायकलवाल्याकडेच जा, पश्चात्ताप होणार नाही. मला कुणी विचारलं तर मी आधी मॉब सांगतो. तीन सीझनमध्ये गोष्ट पुरी होते, लटकत राहावं लागत नाही. तो नववा भाग तेवढा गर्दीच्या वेळी गाडीत बघू नका.