केबल आणि कॉम्प्युटरचं टीव्ही ट्यूनर कार्ड: दुरुस्त करावं, बॉक्स जोडावा की डिश लावावी?

कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचं आणि नोंदवायचं जुनं ट्यूनर कार्ड घरात पडून आहे, केबल लावली तर चित्र येत नाही, आणि आता त्यावर पैसे घालावेत की दुसरं काही घ्यावं हे ठरत नाहीये. अशा वेळी बरेच जण आधी बूस्टर आणतात, मग नवी वायर ओढतात, मग दुसरं कार्ड शोधतात. हा सगळा खर्च बहुतेक वेळा वाया जातो आणि त्याचं कारण साधं आहे. डिजिटल केबलचा सिग्नल जुन्या ॲनालॉग कार्डाला मुंग्यांसारखाच दिसतो. कमजोर सिग्नलच्याही मुंग्याच. बूस्टरने या दुसऱ्या मुंग्या कधीकधी कमी होतात, पहिल्या मात्र कधीच जात नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी आपल्या तारेत काय येतंय ते बघा. सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी केबलची वायर काढून थेट जुन्या टीव्हीला लावा आणि पूर्ण ऑटो-सर्च करा. एकही चॅनेल सापडलं नाही, तर तार डिजिटल आहे असं समजून चला. मुंबईत ॲनालॉग केबल बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांसाठी ३१ मार्च २०१३, आणि गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी ३१ मार्च २०१७. त्यामुळे आज महाराष्ट्रात थेट तार कार्डात खुपसून चित्र मिळणं जवळपास संपलं आहे. अपवाद म्हणजे एखाद्या सोसायटीची किंवा लॉजची स्वतःची छोटी ॲनालॉग वितरण व्यवस्था, जिथे गच्चीवरच्या बॉक्सचं चित्र मॉड्युलेटरने (चित्राचं ॲनालॉग चॅनेल बनवणाऱ्या यंत्राने) खोल्यांत सोडतात.

तार ॲनालॉग असेल तर

तुमची अशी सोय असेल, तर कार्ड टाकून देऊ नका. स्वतः चॅनेल बदलून ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग करणं हे त्याचं खरं बळ आहे. पुढच्या बहुतेक पर्यायांत ते मिळत नाही.

दोष शोधायचा तर सॉफ्टवेअरपासून सुरुवात करा. देश किंवा पद्धत ‘पाल-बी’, म्हणजे भारतातली ॲनालॉग टीव्हीची पद्धत, हवी. ‘पाल-आय’ किंवा ‘पाल-डी’ निवडलं गेलं, तर चित्र ठीक दिसतं पण आवाजाच्या जागी खरखर येते, कारण आवाजाची वाहक लहर पाल-बीमध्ये ५.५ मेगाहर्ट्झवर असते, त्या दोघांत अनुक्रमे ६ आणि ६.५ वर. ‘अँटेना’ऐवजी ‘केबल’ निवडलंय ना, तेही बघा. केबलचे एस-१ ते एस-४१ हे पट्टे अँटेनाच्या यादीत नसतातच, म्हणून निम्मी चॅनेल्स गायब वाटतात. आवाज अजिबात नसेल, तर बऱ्याच पीसीआय कार्डांचा (मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणाऱ्या) आवाज एका छोट्या वायरने साउंड कार्डाच्या लाइन-इनला जातो हे लक्षात घ्या. ती वायर सुटलेली असते किंवा लाइन-इन म्यूट असतं.

मग तार. दोन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे तार वाटणारी डबी, सुमारे ३.५ डेसिबल सिग्नल खातो, चार तोंडांचा सुमारे ७. एका घरात तीन ठिकाणी वाटून शेवटच्या तोंडाला कार्ड लावलं, की मुंग्या येणारच. घरात येणारी मुख्य तार थेट कार्डाला लावून बघा. चित्र स्वच्छ झालं तर दोष स्प्लिटरचा किंवा पुढच्या वायरचा. लांब ओढायची असेल तर आरजी-५९ या बारीक केबलऐवजी जाड आरजी-६ घ्या, आणि पिनमध्ये जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवणार नाही असं बघा. चित्राशेजारी फिकट सावली पडत असेल, तर बहुतेकदा कुठेतरी जोड ढिला असतो किंवा स्प्लिटरचं एखादं तोंड उघडं सोडलेलं असतं. त्या तोंडाला ७५ ओहमचा टर्मिनेटर (बंद करणारं टोपण) लावा.

आडवे पट्टे सावकाश वर सरकत असतील तर अर्थिंग बघा. याबद्दल मला जरा थांबून सांगायचंय, कारण इथे प्रश्न चित्रापुरता राहत नाही. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग जोडलेलंच नसतं. मग कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह किरकोळ असतो, पण एका हातात केबलची पिन आणि दुसरा हात कॅबिनेटला, की झिणझिणी येते, आणि तोच प्रवाह ट्यूनर जाळूही शकतो. आमच्या जुन्या घरी एक कार्ड असंच गेलं आणि त्यानंतर मी हे शिकलो. वायर जोडताना आधी कॉम्प्युटर आणि बॉक्स दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. वर लिहिलेलं एकही काम नाही केलंत तरी चालेल, पण हे करा.

तार डिजिटल असेल तर

इथे चार रस्ते आहेत. पहिला म्हणजे बॉक्सचं एव्ही आउटपुट जुन्याच कार्डाच्या पिवळ्या कॉम्पोझिट इनपुटला जोडणं. खर्च फक्त एका वायरचा. सॉफ्टवेअरमध्ये स्रोत ‘टीव्ही’ऐवजी ‘कॉम्पोझिट’ करायला लोक विसरतात आणि निळा पडदा बघून कार्ड खराब ठरवतात. चित्र ७२० बाय ५७६ चं, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी दोन फेऱ्यांत येणारं. हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसले तर सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळी जुळवणारं डीइंटरलेसिंग चालू करा. चॅनेल बॉक्सच्या रिमोटनेच बदलायचं, त्यामुळे रेकॉर्डिंग लावायचं तर बॉक्स त्या चॅनेलवर सोडून जावं लागतं.

अडचण कार्ड बसवण्याची आहे. नव्या मदरबोर्डांवर बहुधा पीसीआय स्लॉटच नसतो, आणि जुन्या चिपचे ६४-बिट विंडोजचे ड्रायव्हर मिळवताना जीव जातो. विंडोज १० पासून मीडिया सेंटर हे टीव्ही बघण्याचं सॉफ्टवेअरही गेलं. त्या मानाने लिनक्स बरं: बीटी८७८ सारखी चिप तिथे ‘बीटीटीव्ही’ ड्रायव्हरवर चालते. जुना कॉम्प्युटर चालू स्थितीत असेल, तर हाच रस्ता घ्या.

दुसरा रस्ता यूएसबी कॅप्चर स्टिक, म्हणजे बॉक्सचं चित्र यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारी छोटी डबी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींची किंवा एचडीएमआयची. लॅपटॉपवालेही ती वापरू शकतात. एचडीएमआयच्या स्वस्त स्टिका सहसा ड्रायव्हरशिवाय, वेबकॅमसारख्या ओळखल्या जातात, आणि ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र येतं. खोक्यावर ‘४-के’ लिहिलेलं असलं तरी अशा स्टिका पुढे देतात ते जास्तीत जास्त १०८०पी. पण बहुतेक एचडी बॉक्स एचडीएमआयवर एचडीसीपी हे संरक्षण लावतात, आणि मग पडदा काळा राहतो. बिघाड शोधत बसू नका, तो मुद्दाम ठेवलेला अडसर आहे. म्हणून केबलच्या बॉक्ससाठी मी एव्ही स्टिकच घ्यायला सांगेन. चित्र थोडं मऊ येतं, पण येतं.

तिसरा रस्ता डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबल घेणाऱ्या, कार्डाचा, आणि तो भारतात घेऊ नका. कागदावर तो सगळ्यात योग्य वाटतो: डिजिटल केबल, डिजिटल कार्ड. स्कॅन केलं की चॅनेलांची नावंही झरझर दिसतात आणि आशा वाढते. चित्र मात्र येत नाही, कारण २०११ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर केबलचे कार्यक्रम एनक्रिप्ट करूनच, म्हणजे कुलूपबंद करूनच, पाठवावे लागतात. किल्ली ऑपरेटरच्या बॉक्समध्ये असते. कित्येक बॉक्समध्ये तर वेगळं काढता येणारं कार्डही नसतं. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी गोष्ट वेगळी. तिथे सार्वजनिक वाहिन्या केबलवर उघड्या असतात, तिथे हे कार्ड उत्तम.

चौथा रस्ता केबल सोडून उपग्रहाचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस२ कार्ड आणि दूरदर्शनची डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीतल्या वाहिन्या उघड्या, सह्याद्री मिळते, आणि चॅनेल पुन्हा कार्डच बदलतं, म्हणजे वेळ लावून रेकॉर्डिंग परत आलं. टीव्हीहेडएंडसारखं सॉफ्टवेअर एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या (उपग्रहाच्या एकाच लहरपट्ट्यावरच्या) दोन वाहिन्या एकाच वेळी नोंदवू शकतं. डिश ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे लावायची, मुंबईतून ती आग्नेयेला येते. त्या बाजूला उंच इमारत किंवा आंब्याचं झाड असेल तर हा पर्याय बाद, आणि आषाढातल्या जोरदार सरीत चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं. पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या इथे मिळत नाहीत हेही आधीच घरात सांगा. संध्याकाळची ठरलेली मालिका चुकणार असेल, तर केबलचा बॉक्स काढू नका.

मला आज विचाराल तर जुना डेस्कटॉप असणाऱ्याला बॉक्समधून कार्डात एव्ही वायर, लॅपटॉपवाल्याला एव्ही स्टिक, आणि ज्याला बातम्या, सह्याद्री आणि रेकॉर्डिंग पुरेसं आहे, गच्चीही मोकळी आहे, त्याला डिश. वायर आणायला जाण्याआधी बॉक्सची मागची बाजू बघून घ्या. काही बॉक्सना तीन रंगांची भोकं असतात, काहींना एकच ३.५ मिलिमीटरचा एव्ही जॅक. त्या जॅकच्या वायरींमध्ये पिनांचा क्रम एकसारखा नसतो. पिवळ्यातून चित्र आलं नाही, तर लाल आणि पांढरी लावून बघा.