हॉर्सरॅडिशचं बेणं: टपालाने आलेलं, कुंडीतलं की सुपरमार्केटमधलं?

हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरीसारखा झणका असलेलं, किसून खायचं मूळ. लावणीसाठी ते अमेरिकेत तीन रूपांत मिळतं. रोपवाटिका टपालाने पाठवतात ते मातीविरहित मुळांचं बेणं, कुंडीतलं तयार रोप आणि भाजीच्या विभागातलं खायचं मूळ. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य राज्यांत, घरामागे एखादा वाफा असलेल्यांनी पहिलंच घ्यावं. एका घराला तीन मुळं भरपूर होतात.

टपालाचं बेणं म्हणजे काढणीच्या वेळी मुख्य मुळावरून तोडलेली उपमुळं. पाकीट उघडलं की आधी जाडी बघावी. पेन्सिलीएवढी किंवा थोडी जास्त, आणि लांबी २० ते ३० सेंटिमीटर असावी. मूळ वाकवून बघावं. ताठ असेल तर ताजं. रबरासारखं वाकलं तर ते सुकलं आहे. रात्रभर ओल्या कापडात ठेवूनही ताठ झालं नाही तर बदलून मागावं. टोकाची चकती कापल्यावर आतला गर पांढराशुभ्र दिसला पाहिजे. तपकिरी ठिपके किंवा काळपट कडं दिसलं तर मुळात रोग आहे, ते मूळ लावूच नये. हा रोग मातीत राहतो आणि पुढच्या बेण्यालाही लागतो.

दुसरी खूण कापाची. चांगला विक्रेता वरचं टोक सरळ आणि खालचं तिरपं कापतो. खूण छोटी आहे, पण ती नसेल तर वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगता येत नाही. उलटं लावलेलं मूळही उगवतं, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि मूळ वेडंवाकडं होतं. खूण नसलेलं बेणं आडवं लावावं.

पाकिटावर जातीचं नाव आहे का, तेही बघा. रुंद, सुरकुतलेल्या पानांचा ‘कॉमन’ प्रकार चवीला सरस मानतात, पण तो रोगाला लवकर बळी पडतो. गुळगुळीत पानांचे ‘बोहेमियन’ प्रकार जास्त टिकाव धरतात. ‘बिग टॉप वेस्टर्न’ मिळालं तर नवख्यांनी तेच घ्यावं. पांढरा तांबेरा आणि टर्निप मोझॅक विषाणू या दोन्ही रोगांना ते चांगलं तोंड देतं.

कुंडीतलं रोप महाग असतं आणि पहिल्या वर्षी पानंच जास्त देतं. कारण साधं आहे. कुंडीच्या तळाशी मूळ गोल फिरलेलं असतं आणि वाफ्यात गेल्यावरही ते सरळ होत नाही. सुपरमार्केटचं मूळ सर्वांत स्वस्त. मार्च-एप्रिलमध्ये ज्यूंच्या पासोव्हर सणाच्या जेवणात कडू भाजी म्हणून ते लागतं, तेव्हा ते ताजं मिळतं. मात्र जात कळत नाही, आणि दोन्ही टोकं छाटलेली असली तर उगवण उशिरा होते. वरच्या टोकाला डोळे दिसत असतील तरच घ्या.

बी म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका. या झाडाला बी जवळजवळ धरतच नाही, लावणी मुळांनीच होते. भारतात ऑनलाइन शोधताना तर जास्त जपावं, कारण ‘हॉर्सरॅडिश ट्री’ हे आपल्या शेवग्याचं इंग्रजी नाव. शेवग्याच्या मुळालाही तसाच झणका असतो म्हणून इंग्रजांनी ते दिलं. पण त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात, तेव्हा ते किसून खाऊ नये. खऱ्या हॉर्सरॅडिशला हिवाळ्यातली विश्रांती लागते. कोकणात किंवा विदर्भात त्यावर पैसे घालणं आम्ही सुचवणार नाही.

चांगलं बेणंही चुकीच्या लावणीने वाया जातं. जमीन खणण्याजोगी झाली की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, ३० ते ४० सेंटिमीटर खोल भुसभुशीत करा. सेंट लुईससमोर, मिसिसिपीच्या पलीकडे, इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलच्या परिसरात याचं मोठं पीक निघतं ते नदीकाठच्या अशाच मोकळ्या गाळाच्या मातीमुळे. ताजं शेणखत घालू नये. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि मुळाला फाटे फुटतात. पूर्ण कुजलेलं खत आणि पोटॅश पुरे. मूळ ४५ अंशांत तिरपं ठेवा, वरचं टोक मातीखाली ५ ते ७ सेंटिमीटर, आणि दोन मुळांत ४५ सेंटिमीटर अंतर. पाणी साचणाऱ्या जागी मूळ कुजतं. जागा मात्र कायमची निवडा. तुटलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो, त्यामुळे हे झाड एकदा लावलं की सहजासहजी जात नाही. धास्ती वाटत असेल तर ६० सेंटिमीटर खोल, भोकं पाडलेलं पिंप वापरा.

जाड, सरळ मूळ मिळतं ते ‘उचलण्या’मुळे, आणि बेण्यासोबत येणाऱ्या चिठ्ठीत हे क्वचितच असतं. पानं २० ते २५ सेंटिमीटरची झाली की वरच्या टोकाभोवतीची माती बाजूला करा. मूळ हलकेच उचला, पण खालच्या टोकाची मुळं तुटू देऊ नका. एक जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढा. वरच्या भागातली आणि बाजूची बारीक मुळं हाताने पुसून टाका आणि माती परत लोटा. सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. हे टाळलं तर एका सोटाऐवजी दोरखंडासारखा गुंता हाती येतो, आणि दोष बेण्याला दिला जातो. मूळ खरं भरतं उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी तोडू नका.

थंडीत दव गोठून पानं करपली की काढणी करा. पेन्सिलीएवढी उपमुळं पुढच्या वर्षीसाठी ओल्या वाळूत ठेवावीत. टोकं कापताना वर सरळ, खाली तिरपी. त्यामुळे बेण्याचा खर्च एकदाच होतो. खायची मुळं भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये राहतात. उजेडात ठेवली तर हिरवी पडतात.

झणका फेसलेल्या मोहरीचाच. पेशी फुटल्यावर दोन घटक एकत्र येतात आणि मोहरीचं तेच तिखट तेल तयार होतं. व्हिनेगर घातलं की ही क्रिया थांबते. म्हणून सौम्य हवं तर किसताच व्हिनेगर घाला, जहाल हवं तर तीन मिनिटं थांबून. मिक्सर खिडकीपाशी ठेवा आणि झाकण उघडताना तोंड बाजूला घ्या. बिटाच्या कोशिंबिरीत दह्याबरोबर अर्धा चमचा पुरतो.