एमबीबीएसला टॅब घ्यावा का? (ॲप्रनच्या खिशात वर्षभर वागवल्यानंतर)

रॅम, प्रोसेसर, रिफ्रेश रेट हे सगळं तुम्ही आधीच पाहिलेलं असणार, त्यामुळे ते सोडून देते. आठ-नऊ इंची, पेन सोबत मिळणारा, पंचवीस हजारांच्या आतला टॅब. फायनलला असताना घेतला, आता सरकारी हॉस्पिटलात इंटर्नशिप चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बहुतेक टॅबची चार्जिंग पिन अशीच उघडी असते, आणि माझं निम्मं भांडण त्या पिनीशीच आहे.

वॉरंटी संपायला थोडेच दिवस असताना टॅब चार्ज व्हायचा बंद झाला. केबल बदलली, ॲडॉप्टर बदलला, रूममेटचा चार्जर लावून पाहिला. मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या मुलाने मागचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “मॅडम, स्टिकर लाल आहे. लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही.” आत एक पांढरा स्टिकर असतो, ओल लागली की तो लाल होतो आणि त्या क्षणी तुमची वॉरंटी मेली. पाण्यात पडला होता का? नाही. पावसात भिजला? नाही. मग चहा सांडला असेल. नाही हो. शेवटी त्याने कागदावर “मदरबोर्ड बदलणे” असं लिहून पुढे साडेतेरा हजारांचा आकडा टाकला, वर जीएसटी वेगळा. एवढ्यात अजून थोडे घातले तर नवाच येतो की!

ओल कुठून आली ते मला माहीत आहे. मुलींच्या कुर्त्याला खिसा नसतो, असला तर त्यात रुमालसुद्धा धड मावत नाही. म्हणजे राहिला ॲप्रनचा खिसा. कॉलेजसमोरच्या टेलरकडून मी तो मुद्दाम मोठा करून घेतला होता, टॅब उभा मावावा म्हणून. टॅब उभा ठेवला की पिन खाली, खिशाच्या तळाशी. त्याच तळाशी कापसाचे धागे, इंट्राकॅथची (शिरेत घालायच्या सुईनळीची) टोपणं, चिकटपट्टीचे तुकडे आणि सलाईन जोडताना सांडलेले आरएलचे (हा सलाईनचाच प्रकार) थेंब. शिवाय प्रत्येक पेशंटनंतर हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोल. डब्ल्यूएचओच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के असतं किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के, आणि ते हातावर पुरतं वाळू द्यायचं असतं. कॅज्युअल्टीत पुरतं वाळेपर्यंत कोण थांबतं? ओला हात खिशात जातो, टॅब बाहेर येतो, पुन्हा आत जातो. दिवसभर हेच.

आयपी रेटिंगबद्दल (उपकरण धूळ-पाणी किती अडवतं त्याचा दर्जा) विचारणाऱ्यांसाठी: त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. चाचणी साध्या पाण्यावर होते. अल्कोहोल, डेक्स्ट्रोज, पेशंटची उलटी यांच्यावर नाही. अल्कोहोलने स्क्रीनवरचा बोटांचे ठसे न उमटू देणारा थरही उडतो. माझ्या टॅबच्या उजव्या कोपऱ्यात तो कधीच गेला. आणि रेटिंग कितीही चांगलं असलं तरी ओलीचं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरतच नाहीत. मग त्या रेटिंगचं करायचं काय, लोणचं?

सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या उतरताना माझं उत्तर ठरलं होतं: मेडिकलच्या विद्यार्थ्याला टॅब लागत नाही, पैसे वाचवा. तशी बाजूही भक्कम आहे. फर्स्ट इयरला हिस्टॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ऊतींची) जर्नल्स अजून गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने हातानेच काढावी लागतात. २०१९ पासून सीबीएमई, म्हणजे कौशल्यांवर आधारलेला अभ्यासक्रम, आलं, कौशल्यांची यादी आली, लॉगबुक आलं; ते आमच्याकडे कागदाचं आहे आणि त्यावर सरांची शाईतली सही लागते. पेशंटचा केस पेपरही कागदाचाच. म्हणजे टॅबवर सुबक हिस्ट्री लिहायची आणि मग तीच पुन्हा कागदावर उतरवायची. दुप्पट काम.

त्यात पेशंटसमोर टॅब काढला की चेहरे बदलतात. मेडिसिनच्या वॉर्डात एक आजी मला म्हणाल्या, “बाई, तू माझं ऐकतीयास का त्यात बघून लिवतीयास?” मी त्यांचंच बोलणं लिहून घेत होते, पण त्यांना दिसत होता तो टॅबचा पाठचा भाग. कागदावर लिहिलं तर कुणाला काही वाटत नाही. स्क्रीनकडे बघितलं की नातेवाईक बाहेर जाऊन सांगतात, डॉक्टर मोबाईलवर होते.

आणि वॉर्डात शिकायचं ते मान वर ठेवूनच. श्वास कसा चाललाय, नाकपुड्या फुलतायत का, पेशंट उठून बसताना कशाचा आधार घेतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलं, ते खाटेशेजारी बसून, तासातासाला पेशंट बघून. (२०२२ ची पद्मश्री नंतरची.) त्यांच्या हातात कुठला टॅब होता?

इथपर्यंत लिहून मी हे तसंच टाकून देणार होते. पण टॅब बंद असताना काही आठवडे फक्त फोन आणि खिशातली डायरी यांवर काढले, आणि माझं मत जरा हललं.

खाटेजवळ टॅबची आठवण एकदाही आली नाही, हे आधी सांगते. डोसचं गणित फोनवर होतं, बरेचदा डोक्यातच होतं. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमने १८० मिलिग्रॅम. यात अवघड काय? अवघड आहे ते पुढे: हातातलं सिरप ५ मिलीला १२५ चं आहे की २५० चं. ते बाटली फिरवून लेबल वाचूनच कळतं, कुठलंही ॲप सांगत नाही. परदेशी ॲपची आणखी एक कटकट म्हणजे दम्याचं साल्ब्युटामॉल शोधलं तर अल्ब्युटेरॉलच्या (त्याचंच अमेरिकी नाव) पानावर नेतं, आणि ब्रिटिश कॅल्क्युलेटर साखर मिलिमोलमध्ये मागतो. आपला रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये. १८ ने भागायचं लक्षात राहिलं नाही तर उत्तर कुठच्या कुठे. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे, चार्जिंगशिवाय चालतं आणि खिशात कितीही ओलं झालं तरी तिच्यात लाल होण्यासारखा स्टिकर नाही.

टॅब आठवला तो रात्री. ड्यूटी संपवून आल्यावर मेडिसिनचं दोन खंडांचं ठोकळा पुस्तक मांडीवर घेऊन वाचायची ताकद उरत नाही, आणि फोनवर तीच पानं चिमटीने मोठी करत वाचली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. पीजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी म्हणजे प्रश्नसंच, व्हिडिओ आणि उजळणीची कार्डं. हे तिन्ही आठ-नऊ इंचांवर बरे चालतात, फोनवर जीव जातो.

दुसरं एक्स-रेचं. आमच्याकडे फिल्म खिडकीला लावून सगळे बघतात आणि ग्रुपवर फोटो येतो. न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाभोवती हवा साठण्याची) ती बारीक रेघ फोनच्या स्क्रीनवर सरळ हरवते. टॅबवर निदान शंका तरी येते. (फोटोतलं पेशंटचं नाव आणि नंबर झाकून टाका, ही सवय आमच्या ग्रुपवर अजून निम्म्यांना नाही. व्यक्तिगत माहिती जपण्याचा २०२३ चा कायदा असो वा नसो, ती माणुसकी आहे.)

तिसरी गोष्ट मी घेताना मोजलीच नव्हती. सर्जरीच्या पोस्टिंगला पित्ताशयातल्या खड्यांच्या पेशंटच्या मुलाला मी पेनने टॅबवर यकृत, पिशवी, नळी असं काढून दाखवलं. खडा नळीत उतरला तर कावीळ का होते, हे त्याला तोंडी तीनदा सांगून कळलं नव्हतं. चित्र बघून तो म्हणाला, “म्हणजे मोरी तुंबली तर पाणी मागं येतं तसं.” मग तोच उठून शेजारच्या खाटेवाल्यांना समजावायला लागला. हे कागदावरही झालं असतं, मान्य. पण खोडून, रंग बदलून, मोठं करून दाखवता येतं ते पेनमुळेच. या एका कामासाठी मी पेनला पैकीच्या पैकी देते. एरवी ते ढेकळासारखं जड आहे आणि बंद पडलेलं कधी कळत नाही.

कुणी तरी नक्की म्हणेल, परदेशात तर मेडिकलची मुलं हातातली उपकरणं घेऊनच फिरतात. फिरतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या खिशात पाम पायलट नावाचे छोटे हातसंगणक होते, औषधांच्या याद्या भरलेले. स्टॅनफर्डने २०१० साली नव्या बॅचला आयपॅड दिले. तिथे कॉलेजने दिले, इथे वडील देतात, हा फरक हिशेबात धरा. आता तर सोनोग्राफीचा प्रोब थेट फोनला नाहीतर टॅबला जोडून पोट बघतात. तो आपल्याकडे हौसेने मागवायच्या भानगडीत पडू नका. लिंगनिदानाविरुद्ध राज्यात कायदा आधी आपल्याच महाराष्ट्राने केला, १९८८ साली, मग १९९४ चा केंद्राचा आला. त्याखाली सोनोग्राफीचं मशीन आणि ते वापरायची जागा दोन्हीची नोंदणी लागते, नोंदणी नसलेल्याला ते विकताही येत नाही. शिकण्याच्या दृष्टीने तोटा आहेच, पण तो कायदा का आला हे पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या) पोस्टिंगला जनगणनेतले मुलींचे आकडे पाहिलेल्या कुणाला सांगावं लागणार नाही.

तर टॅबचं पुढे काय झालं. सर्व्हिस सेंटरला ईमेल केले, उत्तर दर वेळी तेच, खाली सही दर वेळी वेगळ्या माणसाची. वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) एसटी स्टँडसमोरच्या बोळातला मोबाईल रिपेअरिंगवाला सांगितला. त्याने टॅब उघडून भिंगाखाली धरला आणि मला बघायला लावलं: पिनीच्या आतल्या पायांना हिरवट कळंक चढला होता. बाकी बोर्ड स्वच्छ. “मदरबोर्डाला काय धाड भरलीय, ताई? पिनीची पट्टी वेगळी असते.” पट्टी बदलून सातशे रुपये घेतले, आणि वर पिनीत बसणारं एक रबरी बूच फुकट दिलं. ते बूच कंपनीने आधीच दिलं असतं तर तिचं काय गेलं असतं? साडेतेरा हजार आणि सातशे या दोन आकड्यांत जो फरक आहे, त्याबद्दल ग्राहक आयोगात जावं का, यावर घरी अजून वाद चालू आहे. बाबा म्हणतात जा, आई म्हणते आधी परीक्षा दे.

आता टॅब चालतो, पण वॉर्डात नेत नाही. खोलीवरच असतो. समजावून सांगायचं असलं तरच पिशवीतून नेते, ॲप्रनमधून नाही.

ज्युनिअर्स विचारतात त्यांना सांगते ते असं. फर्स्ट इयरला घेऊ नका. डिसेक्शन हॉलमध्ये हात फॉर्मॅलिनचे असतात आणि थ्रीडी ॲटलसमध्ये नस जिथे दाखवतात तिथे ती तुमच्या कॅडॅव्हरमध्ये (डिसेक्शनच्या मृतदेहात) असेलच असं नाही. पॅथॉलॉजी, फार्मॅक (औषधशास्त्र) सुरू झालं की वाचन अंगावर येतं, तेव्हा घ्या, आणि परीक्षा झालेल्या सीनिअरकडून जुना घ्या, निम्म्या किमतीत मिळतो. घेताना तुमच्या समोर चार्जिंगला लावून, केबल जरा हलवून बघा. सिमवालं मॉडेल नको, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. तेवढ्या दोन-तीन हजारांत चांगलं बीपी ॲपरेटस येतं. आमच्या वॉर्डातलं एकमेव गेले कित्येक महिने कुणाच्या तरी खिशात आहे.