मस्कडाइनच्या कॅप्सूल घ्यायच्या की आपली काळी द्राक्षंच बरी?

मस्कडाइन म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय पट्ट्यातली, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा तिकडची द्राक्षं. साल जाड, आत मोठ्या बिया, आणि आपल्यासारखा लांब घड नाही, थोड्याथोड्या दाण्यांचे झुपके. मुंबईत बसून आपल्या हाती लागते ती त्यांच्या बियांची पावडर नाहीतर कॅप्सूल, त्यामुळे फळाची तुलना फळाशी होतच नाही हे आधी डोक्यात घ्या.

फळ म्हणून मात्र ते भारीच आहे. १०० ग्रॅममध्ये साधारण ५७ कॅलरी आणि जवळजवळ ४ ग्रॅम फायबर, आपल्या नेहमीच्या गोड द्राक्षांत कॅलरी ६९ च्या आसपास आणि फायबर जेमतेम १ ग्रॅम. वर एलॅजिक ॲसिड नावाचं अँटिऑक्सिडंट, जे साध्या द्राक्षांत नसल्यासारखंच असतं. पण हा सगळा माल साल आणि बियांत, आणि तिकडचेही बरेच लोक गर चोखून साल थुंकतात, मग राहिलं काय, गोड पाणी! रेस्वेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं आणखी एक अँटिऑक्सिडंट, त्याचं नाव तर प्रत्येक डबीवर असतं, पण ते फळात असतं अगदी थोडं आणि त्याचे बरेचसे दावे लॅबमधल्या पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेत, माणसांवर ठोस असं फार नाही.

आता आपल्याकडचं बघा. नाशिकची थॉम्पसन, सोनाका खायला मस्त, पण हिरवी, म्हणजे काळ्या सालीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य त्यात नाही. ते हवं तर काळी शरद सीडलेस घ्या. आणि मस्कडाइनच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ती गाडीवरची बियावाली बंगलोर ब्लू, जिला आपण आंबट म्हणून नाकं मुरडतो. एलॅजिक ॲसिडसाठीच जीव अडकला असेल तर सोलापूरचं डाळिंब आहे की, जूनमध्ये जांभळं येतात, त्यासाठी डॉलरच्या भावात पावडर कशाला.

माझं मत विचाराल तर कॅप्सूल सोडा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. शुगरवाल्यांनी कुठलंही द्राक्ष मोजूनच खावं, ज्यूस नकोच, गाळला की फायबर जातं. कोणी सप्टेंबरमध्ये तिकडे नातेवाइकांकडे जाणार असेल तर ताजी मस्कडाइन नक्की खा, तोच सीझन असतो, फक्त साल चावून गिळा.