हार्डीच्या पाच कादंबऱ्या : काही महिन्यांच्या सलग वाचनानंतर

गेल्या पावसाळ्यापासून इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी वाचतोय. ओळखीतल्या वाचकांना विचारलं तर दोनच टोकं ऐकू येतात : 'असा लिहिणारा पुन्हा झाला नाही', नाहीतर 'नादी लागू नकोस, जीव नकोसा होतो'. दुसरं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'टेस' ('टेस ऑफ द डर्बरव्हिल्स') वाचलीय, तीही बी.ए.ला नेमलेली म्हणून, परीक्षेपुरती.

सगळ्यात मोठी तक्रार योगायोगांची. या कादंबरीची नायिका टेस लग्नाआधी आपल्या भूतकाळाच्या कबुलीचं पत्र होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या, दाराखालून सरकवते आणि ते नेमकं गालिच्याखाली जातं. हे वाचून वैतागणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण त्याच पुस्तकातला प्रिन्स घोड्याचा प्रसंग बघा. बाप पिऊन लोळतोय, मधमाश्यांची पोळी बाजारात पोचवायचीत, म्हणून टेस रात्रीच गाडी जुंपून निघते. वाटेत डोळा लागतो आणि समोरून येणाऱ्या टपालगाडीचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो. पोरगी त्या भोकावर हात दाबून धरते, रक्ताने माखते. असा अपघात कुणालाही होईल. पण या घरात दुसरा घोडा नाही, म्हणून टेसला पुढे तिला नासवणाऱ्या श्रीमंत अ‍ॅलेकच्या दारात जावं लागतं. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मध्येही तेच. एक अतिउत्साही कुत्रा २०० मेंढ्या कड्यावरून खाली घालवतो. मेंढ्यांचा विमा नाही, व्यापाऱ्याचं देणं डोक्यावर, आणि स्वतःच्या मेंढ्या असलेला गेब्रियल ओक रातोरात मालकाचा गडी होतो. हार्डीचं 'नशीब नशीब' म्हणतात त्यातलं निम्मं हे असं, हातात शिल्लक नसण्याचं आहे.

निम्मंच हं. 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'मध्ये बंद दार, उशिरा पोचलेलं पत्र, सापाचा दंश असं एकावर एक येतं, तेव्हा लेखकच मुद्दाम छळतोय असं वाटतं. शिवाय पहिलं अख्खं प्रकरण नुसत्या माळरानाचं, माणूस औषधालाही नाही. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना माझा पाठिंबा.

'मॅडिंग क्राउड' मात्र शेतीत वाढलेल्या कुणीही वाचावी. क्लोव्हरचा हिरवा चारा खाऊन मेंढ्या फुगतात, ओक कुशीत नेमक्या जागी नळी टोचून हवा काढतो आणि ४९ जनावरं वाचवतो. आपल्याकडे लसूणघास जास्त खाऊन फुगलेल्या गाईला डॉक्टरांनी ट्रोकार (हवा काढायची टोकदार नळी) मारलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्या पानाला टीप लागणार नाही.

त्याच्या हयातीतही वाचकांचं एकमत नव्हतंच. 'टेस' 'द ग्राफिक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, तेव्हा एंजल गवळणींना उचलून पाण्यापार नेतो हे घरंदाज वाचकांना खपणार नाही म्हणून त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली! 'ज्यूड' ('ज्यूड द ऑब्स्क्युअर') १८९५ साली पुस्तकरूपाने आली आणि वेकफिल्डच्या बिशपने ती आगीत टाकल्याचं वर्तमानपत्राला कळवलं. त्यानंतर हार्डीने नवी कादंबरी लिहायला घेतली नाही. खरं सांगायचं तर 'ज्यूड'मधला मुलांच्या मृत्यूचा प्रसंग मलाही जास्त झाला. तिथे लेखकाचा हात स्पष्ट दिसतो. दगडकाम करणाऱ्या ज्यूडला विद्यापीठाचं दार उघडत नाही, एवढ्यानेच पुस्तक पुरेसं जड होतं.

सुरुवात करायची तर 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'ने करा. जत्रेत रम घातलेली गव्हाची खीर पिऊन एक माणूस बायको आणि तान्ही पोर ५ गिनींना (गिनी हे जुनं इंग्लिश नाणं) विकतो, आणि हे पहिल्याच प्रकरणात. पुढे या माणसाचा, हेन्चर्डचा, रागही येतो, कीवही येते. एवढा हट्टी माणूस मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेला नाही.

प्रोजेक्ट गुटेनबर्गवर या कादंबऱ्या फुकट आहेत, पण खेडुतांच्या बोलीसाठी टिपा असलेली छापील प्रत घ्या. मी घेतलेल्या स्वस्त प्रतीचा टाईप मुंगीएवढा होता आणि टिपा शून्य. संवाद अडले की मोठ्याने वाचा, निम्मे सुटतात. त्याच्या कवितांचा पहिला संग्रह १८९८चा. तो आता मागवलाय.