डोमेनची किंमत सांगणारी टूल्स: कोणता आकडा कशासाठी धरायचा?

गेल्या दिवाळीत घराआधी डोमेनची, म्हणजे माझ्याकडच्या वेबसाइटच्या पत्त्यांची, यादी साफ करायला घेतली. साठेक नावं, प्रत्येकाच्या नूतनीकरणाचे बाराशेच्या आसपास, म्हणजे नुसती सांभाळायलाच वर्षाला सत्तर हजार. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवायला सगळी नावं तीन टूल्समध्ये घातली. त्यातल्या एका नावाला पहिल्याने २,१०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने ३४०, तिसऱ्याने जेमतेम दोन आकडी. तेच नाव नंतर लिलावाला ठेवलं, तर एकही बोली आली नाही. उलट एका तालुक्याचं नाव आणि पुढे 'मसाले' असं जे डोमेन तिघांनीही कचऱ्यात काढलं होतं, ते त्याच भागातल्या एका कारखानदाराने पंचेचाळीस हजारांना घेतलं. घासाघीससुद्धा फार केली नाही.

तेव्हापासून टूलचा आकडा दिसला की मी आधी विचारतो, ही किंमत कुठल्या बाजारातली? टोमॅटोचा बाजार समितीतला भाव वेगळा आणि कोथरूडच्या हातगाडीवरचा वेगळा, तसंच इथेही. एक घाऊक भाव असतो, म्हणजे दुसरा डोमेनवाला पुढे विकण्यासाठी किती देईल तो. दुसरा असतो ज्याला त्या नावाने धंदाच उघडायचाय त्याचा भाव. दोन्हींत दहापट फरक सहज पडतो. बहुतेक टूल्स एकच आकडा देतात आणि तो यातला कुठला हे सांगत नाहीत.

गोडॅडी आणि एस्टीबॉट

गोडॅडीचं मूल्यांकन फुकट आहे, खातं न उघडताही पटकन बघता येतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी झालेल्या विक्र्यांवर शिकवलेलं मशीन लर्निंग त्यामागे आहे आणि सोबत तशाच नावांच्या जुन्या विक्र्याही दाखवतात. माझ्या मते आकड्यापेक्षा ती खालची यादीच कामाची. २५,००० डॉलरच्या वर मात्र ते नेमका आकडा देत नाहीत, 'त्याहून जास्त' एवढंच म्हणतात. मला हा प्रामाणिकपणा वाटतो, कारण त्या उंचीवर सरासरीला काही अर्थच उरत नाही. एक मात्र विसरू नका, ही कंपनी स्वतःच नावं विकते आणि विक्रीचा बाजारही चालवते. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण सोन्याचा भाव आपण एकाच सराफाला विचारत नाही.

एस्टीबॉट जुनं आहे. ते नाव किती शोधलं जातं, त्यावर जाहिरातीचा एका क्लिकचा दर काय, लांबी किती असा हिशोब उलगडून दाखवतं. इंग्रजीतल्या वस्तू-सेवांच्या नावांना, म्हणजे विमा, कर्ज, दाताचा डॉक्टर, शहराचं नाव वगैरेंना हा हिशोब बरा लागू पडतो. बनवलेल्या ब्रँड-नावांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. जो शब्द अजून कुणी शोधलेलाच नाही, त्याचा शोध-आकडा शून्यच येणार.

हंबलवर्थ

तिघांत मला हे जास्त भावलं, कारण ते सरळ तीन आकडे देतं: लिलावात काय येईल, बाजारपेठेत लावून ठेवलं तर काय, आणि दलालामार्फत गिऱ्हाईक गाठलं तर काय. आकडे चुकतातच, पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारलेला असतो. कुणी तुमच्याकडे 'याचं मूल्यांकन पाच हजार डॉलर आहे' म्हणत नाव विकायला आला, तर यातला लिलावाचा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

मराठी नाव असेल तर

इथे जरा थांबतो, कारण आपल्यापैकी बरेच जण नेमके इथेच फसतात. यंत्र नाव आपल्यासारखं वाचत नाही. ते आधी त्याचे तुकडे पाडतं आणि तुकडे ओळखीच्या शब्दांशी जुळवतं. इंग्रजीतसुद्धा यात गोंधळ होतो. एक्स्पर्ट्स एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटचं नाव सलग लिहिलं की मधल्या अक्षरांमुळे लोक भलतंच वाचायचे, शेवटी त्यांनी मध्ये डॅश घातला. मग 'मानपान' रोमन लिपीत लिहून बघा. लग्नाच्या साहित्याच्या दुकानासाठी याहून नेमकं नाव नाही, पण यंत्राला त्यात एक इंग्रजी पुरुष आणि एक तवा दिसण्याचीच शक्यता जास्त. ज्या शब्दावरून अख्ख्या मांडवात रुसवेफुगवे होतात, त्याची पत किती हे त्याला कोण सांगणार?

दुसरी अडचण स्पेलिंगची. वडापाव रोमनमध्ये व्ही ने लिहायचा की डब्ल्यू ने, पुढे 'पाव' की 'पाओ'? शोधणारे चार स्पेलिंगांत वाटले जातात, म्हणून प्रत्येक स्पेलिंगचा शोध-आकडा किरकोळ दिसतो आणि भावही तसाच लागतो. हे टूलला कळत नाही, पण तुमच्यासाठी ही खरी उणीव आहे. फोनवर नाव सांगितल्यावर समोरच्याला पहिल्या फटक्यात टाइप करता आलं नाही, तर किंमत पडतेच. देवनागरीत लिहायचं, डॉट भारतने संपणारं नाव २०१४ पासून मिळतं, पण संगणक आत ते 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरमाळेत साठवतो. त्याचा भाव टूलला विचारूच नका.

जुन्या विक्र्या आणि माणसाचं मत

नेमबायो हे टूल नव्हे, झालेल्या विक्र्यांची नोंदवही आहे. तुमच्यासारखी नावं गेल्या दोन-तीन वर्षांत कितीला गेली ते तिथे बघायचं. कष्टाचं काम आहे, एका नावाला अर्धा तास जातो. शिवाय खासगीत झालेले कितीतरी सौदे तिथे येतच नाहीत आणि न विकली गेलेली लाखो नावं तर कुठल्याच वहीत नसतात. टूल्सही अशाच विक्र्यांवर शिकतात, म्हणून तीही थोडी आशावादी असतात.

वरच्या टोकाला यंत्र आणि नोंदवही दोन्ही थकतात. एफबी डॉट कॉम ही दोन अक्षरं अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी संघटनेकडे होती. २०१० मध्ये फेसबुकने त्यांना ८५ लाख डॉलर मोजले. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, मायक्रोस्ट्रॅटेजीकडून ब्लॉक डॉट वन या कंपनीकडे. दोन्हीकडे भाव गिऱ्हाइकाच्या गरजेने ठरला. नावं असल्या जातीची असतील तर अनुभवी दलालाला विचारा.

मात्र मूल्यांकनाचं प्रमाणपत्र मागणारं गिऱ्हाईक आलं तर सावध. मलाच एकदा ईमेल आला: नाव हवंय, चार हजार डॉलर देतो, फक्त अमुक साइटवरचं प्रमाणपत्र लागेल. मी पैसे भरले, प्रमाणपत्र आलं आणि गिऱ्हाईक गडप झालं. खरा खरीदार किमतीवर हुज्जत घालतो, कागद मागत नाही.

मग तुम्ही काय वापरायचं?

ढीगभर नावं चाळायची असतील तर टूल्स खुशाल वापरा. इंग्रजी नावाला तिन्ही टूल्सनी शंभराच्या आत काढलं, तर ते बहुतेक खरंच सोडण्याच्या लायकीचं असतं. यंत्राचा नकार त्याच्या होकारापेक्षा भरवशाचा. मराठी नावांना मात्र हा नियम लावू नका, मसाल्याचं नाव मी असंच घालवलं असतं. तिघांचे आकडे फार फाकले तर त्या नावापुरती टूल्स बाजूला ठेवा आणि नोंदवही उघडा.

विकायला किंमत लावताना टूल नको, हिशोब धरा. धंद्यातले लोक म्हणतात, शंभर नावांत वर्षाला एखाद-दोन विकली जातात. बाराशेच्या दराने शंभर नावांचे एक लाख वीस हजार झाले, म्हणजे कमिशन सोडून दर विक्रीमागे साठ हजार ते एक लाख वीस हजार सुटले तरच तुम्ही फक्त बरोबरीत.

आणि विकत घेणारे असाल तर टूलच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा. नावात कुणाचा ट्रेडमार्क आहे का, आणि वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या साइटवर, त्या पत्त्यावर पूर्वी काय चालायचं. मी घेतलेल्या एका सज्जन दिसणाऱ्या नावावर तीन वर्षं सट्टा चालला होता, आणि टूलने त्याला वय जास्त म्हणून वर गुण दिले होते.